पार्किंग १४ मधला पट्टा (सोसायटी ग्रुप, रविवार सकाळ)

बिराजदार, बी-१०२: बी विंगच्या पार्किंग १४ मध्ये पांढरा पट्टा कोणी मारला? रात्री गाडी लावताना नव्हता. फोटो टाकलाय, बघा. ऑइलपेंट आहे, अजून बोटाला लागतोय.

बिराजदार, बी-१०२: आणि शेजारी "उषा" असं लिहिलंय. आमच्याकडे उषा नावाचं कोणी नाही.

निखिल, सी-४०१: 😂😂 काका, काकूंना फोटो दाखवू नका

बिराजदार, बी-१०२: हसण्यासारखं काही नाही. पट्टा कधी निघणार?

शुभांगी माने, ए-३०४: काका, तो पी. टी. उषाचा पट्टा आहे. यंदा गणपतीची सजावट "खेळातले क्षण, खऱ्या मापात" अशी करायचं मीटिंगमध्ये ठरलं होतं. १९८४ लॉस एंजेलिस, महिलांची ४०० मीटर अडथळा शर्यत. तिसरी आली रुमानियाची कोजोकारू, ५५.४१ सेकंद. उषा ५५.४२. फरक एक शतांश सेकंदाचा. ४०० ला ५५.४२ ने भागा, सेकंदाला साधारण ७.२ मीटर येतात. म्हणजे एका शतांशात ७.२ सेंटीमीटर. पट्टा बरोबर तेवढाच रुंद आहे. पदक केवढ्यानं गेलं ते लोकांना उभं राहून बघता यावं, एवढाच हेतू.

बिराजदार, बी-१०२: मीटिंगला मी नव्हतो. आणि पदक लॉस एंजेलिसला गेलं, माझ्या पार्किंगमध्ये नाही.

कुलकर्णी (सेक्रेटरी): सर्वांना सुप्रभात 🙏 बिराजदार साहेबांची तक्रार रास्त आहे. मुलांचा उत्साहही कौतुकास्पद आहे. सामोपचाराने घ्यावे ही विनंती.

चव्हाण काकू, ए-१०१: सामोपचारानं घ्या, पण गेल्या वर्षीच्या वर्गणीचा हिशोब अजून बोर्डावर लागला नाही तेही बघा.

कुलकर्णी (सेक्रेटरी): वहिनी, तो विषय वेगळा.

चव्हाण काकू, ए-१०१: दरवर्षी वेगळाच असतो.

कोंडा सर, बी-३०२: पट्टा मी पाहून आलो. माप बरोबर आहे, मांडणी चुकली आहे. एक म्हणजे ७.२ हा पूर्ण शर्यतीच्या सरासरी वेगावर काढलेला आकडा. दहा अडथळे पार करून शेवटी पाय जड होतात, वेग उतरतो, त्यामुळे रेषेवरचं खरं अंतर याहून जरा कमीच असणार. पाटीवर "सुमारे ७ सेंटीमीटर" लिहा, दशांश नको. दुसरं महत्त्वाचं. शर्यत पायानं संपत नाही. फोटो-फिनिशला धड धरतात. डोकं, मान, हात, पाय यातलं काहीच धरत नाहीत. जमिनीवर पट्टा मारला की बघणारा पाय टेकवून बघणार आणि चुकीचं शिकणार.

निखिल, सी-४०१: सर, म्हणजे काकांच्या पार्किंगमध्ये आडवं झोपून बघायचं का

कोंडा सर, बी-३०२: पट्टा उभा पाहिजे. छातीच्या उंचीला.

शुभांगी माने, ए-३०४: हे आधी सांगितलं असतं तर काल रात्री दोन वाजेपर्यंत टेप लावत बसलो नसतो सर.

कोंडा सर, बी-३०२: मला विचारलं कोणी?

शेख, सी-२०२: बाकीच्या पाट्यांचा मजकूर पण इथे टाका. मागच्या वेळी "शिवाजी महारज" छापून आलं होतं फ्लेक्सवर.

शुभांगी माने, ए-३०४: पाटी १: कपिल देव १७५ नाबाद (व्हिडिओ लावणार). पाटी २: कपिलने घेतलेला रिचर्ड्सचा झेल, १९८३. पाटी ३: पी. टी. उषा. पाटी ४: धोनीचा षटकार, २०११. पाटी ५: नीरज चोप्रा ८७.५८. पाटी ६: स्वप्नील कुसाळे (नेमबाजी). पाटी ७: अविनाश साबळे (स्टीपलचेस, म्हणजे अडथळे आणि पाण्याचे खड्डे ओलांडत धावायची ३००० मीटर शर्यत). पाटी ८: सूर्यकुमारचा झेल, २०२४.

बिराजदार, बी-१०२: पट्टा कधी निघणार?

कोंडा सर, बी-३०२: आठात चार क्रिकेट. खो-खो एकही नाही. सोलापुरात. वा!

शेख, सी-२०२: पाटी १ चा व्हिडिओ कुठून आणणार? १८ जून १९८३, टनब्रिज वेल्स, त्या मॅचचं चित्रीकरणच झालेलं नाही. फिरतो तो सिनेमातला तुकडा आहे. तो "मूळ व्हिडिओ" म्हणून लावला तर गावभर हसं होईल. त्याऐवजी धावफलक लावा. आधी मोठ्या अक्षरात १७ वर ५. मग २६६ वर ८, त्यात कपिल १७५ नाबाद, १३८ चेंडू. नवव्या विकेटला किरमाणीसोबत १२६ नाबाद, त्यात किरमाणी २४. वाचणाऱ्याला बरोबर कळतं काय झालं ते. व्हिडिओची गरजच नाही.

निखिल, सी-४०१: पण शेखभाई, हा घ्या ओरिजिनल व्हिडिओ, आत्ताच दुसऱ्या ग्रुपवर आला 👆

शेख, सी-२०२: 🤦 तोच तो सिनेमातला.

शेख, सी-२०२: पाटी २ चा कटआउट पण पाहिला. कपिल कॅमेऱ्याकडे तोंड करून हसतोय. झेल तसा नव्हता. मदनलालचा चेंडू रिचर्ड्सनं मिडविकेटवर उंच ओढला आणि कपिल खेळपट्टीकडे पाठ करून धावला, चेंडू खांद्यावरून येताना बघत. अवघड होतं ते हेच. समोरून येणारा चेंडू हातांशी जुळवता येतो. डोक्यावरून मागे जाणाऱ्याला धावताना मान वळवावी लागते आणि पाय कुठे पडतोय ते दिसत नाही. कटआउट पाठमोरा करा.

शुभांगी माने, ए-३०४: पाठमोरा केला तर कपिल आहे हे कळणार कसं?

निखिल, सी-४०१: खाली "हा कपिल" लिहा, पार्किंगमध्ये "उषा" लिहिलं तसं

कविता, सी-१०३: मला एक सांगा, २ नोव्हेंबर २०२५ ला काय झालं ते कोणालाच आठवत नाही का? नवी मुंबई, महिलांचा विश्वचषक. आपले २९८, आफ्रिका २४६, दीप्ती शर्माचे पाच बळी. शेवटचा झेल हरमनप्रीतचा, तोही मागे धावत. कप्तान, अंतिम सामना, उलट्या दिशेनं धाव, सगळं सारखं. कपिलशेजारी ती उभी केली तर दोन्ही कटआउट एकाच पोजमध्ये बसतात. सूर्यकुमारची पाटी काढा.

शेख, सी-२०२: सूर्याची काढू नका वो. तो झेल वेगळ्या जातीचा आहे. सीमारेषेजवळ पकडला, तोल जातोय कळल्यावर चेंडू आत उडवला, स्वतः दोरीबाहेर गेला, परत आत येऊन पकडला. हे दाखवायला जमिनीवर एक दोरी पुरते.

बिराजदार, बी-१०२: जमिनीवर आणखी काही दाखवायचं नाही. पट्टा कधी निघणार?

कविता, सी-१०३: मग धोनी काढा. तो षटकार सगळ्यांच्या तोंडपाठ आहे, पाटीची गरज नाही.

शेख, सी-२०२: धोनी काढा म्हणणारी पहिली व्यक्ती या ग्रुपमध्ये निघावी 🙏

कोंडा सर, बी-३०२: खो-खो. १९ जानेवारी २०२५, दिल्ली. पहिला विश्वचषक. दोन्ही अंतिम सामने नेपाळशी. महिला ७८-४०, पुरुष ५४-३६. कप्तान प्रियांका इंगळे आणि प्रतीक वाईकर, दोघं महाराष्ट्रातले. धोनी काढून हे घाला.

शुभांगी माने, ए-३०४: घालू सर. पण मापात काय दाखवणार?

कोंडा सर, बी-३०२: खांब. जमिनीपासून १२० ते १२५ सेंटीमीटर उंच, ९ ते १० सेंटीमीटर जाड, वर धारदार काठ नको. आक्रमक बसलेल्यांची ओळ ओलांडू शकत नाही, एकदा धरलेली दिशा बदलू शकत नाही. दिशा बदलायची सोय फक्त खांबापाशी. म्हणून खरी झटापट तिथे होते. एका हातानं खांब धरून सगळं अंग बाहेर फेकायचं आणि पळणाऱ्याच्या टाचेला बोट लावायचं.

निखिल, सी-४०१: वाळूच्या बादलीत बांबू उभा करू

कोंडा सर, बी-३०२: मुळीच नाही. पोरं धरून फिरणारच, आणि बादली कलंडून खांब तोंडावर येणार. ओढ वरच्या टोकाला बसते, वजन खाली आणि बूड अरुंद. उभा करायचाच तर दीड फूट जमिनीत.

कुलकर्णी (सेक्रेटरी): सर, खाली पाण्याची टाकी आहे. खोदकाम नको 🙏

कोंडा सर, बी-३०२: मग जिन्याच्या भिंतीवर १२० ला खूण करा आणि बांबू भिंतीला दोन क्लॅम्पनं आवळा. धरता येतो, फिरता येत नाही.

चव्हाण काकू, ए-१०१: साबळेच्या पाटीला पाण्याचा खड्डा करायचा म्हणत होती पोरं. नळाला चार दिवसांनी पाणी येतंय आणि खड्ड्यात ओतणार?

शुभांगी माने, ए-३०४: काकू, तो बेत रद्द. फक्त अडथळा ठेवतोय, ९१.४ सेंटीमीटर.

कोंडा सर, बी-३०२: पक्का बांधा. स्टीपलचेसचा अडथळा साध्या हर्डलसारखा पाय लागला की पडत नाही. पाय लागला तर माणूस पडतो. शर्यतीत असे २८, वर पाण्याचे ७. बर्मिंगहॅम राष्ट्रकुल २०२२ मध्ये पहिला केनियाचा किबिवोट ८:११.१५, दुसरा साबळे ८:११.२०. अंतर काढलंत का?

शुभांगी माने, ए-३०४: काढलंय सर. सरासरी वेगानं सुमारे ३० सेंटीमीटर. शेवटच्या धावेत वेग सरासरीहून जास्त असतो, म्हणून इथे प्रत्यक्षात थोडं जास्तच. उषाच्या उलट.

कोंडा सर, बी-३०२: बरोबर.

बिराजदार, बी-१०२: ते ३० सेंटीमीटर कोणाच्या पार्किंगमध्ये मारणार आहात?

निखिल, सी-४०१: १५ मध्ये. "साबळे" लिहून 😌

देशमुख, बी-२०१: पार्किंग १५ आमचं आहे. आत्ताच सांगून ठेवतो.

शेख, सी-२०२: नीरजच्या ८७.५८ चं काय? गेटपासून डी विंगच्या भिंतीपर्यंत जेमतेम ६० मीटर भरतात.

शुभांगी माने, ए-३०४: भिंतीवर बाण काढून "अजून २७.५८ मीटर" लिहिणार.

निखिल, सी-४०१: म्हणजे भाला मागच्या बिल्डिंगच्या गच्चीतल्या वाळवणात

शुभांगी माने, ए-३०४: पण त्याच ६० मध्ये कुसाळे छान बसतो. गेटपासून ५० मीटर टेपनं मोजून भिंतीवर नेमबाजीचं लक्ष्य. दहा गुणांचं वर्तुळ १०.४ मिलिमीटरचं, शर्टाच्या बटणाएवढं. पूर्ण लक्ष्य १५४.४ मिलिमीटर. गेटवर उभं राहून नुसत्या डोळ्यांनी तो ठिपका बघायचा. पॅरिसला एकूण ४५१.४ गुण, कांस्य.

कोंडा सर, बी-३०२: चित्रात क्रम चुकलाय. आधी गुडघ्यावर, मग पालथं झोपून, शेवटी उभं राहून. तुम्ही उभं राहणं पहिलं दाखवलंय. उभ्यानं बंदूक सगळ्यात जास्त हलते. ते शेवटी येतं म्हणून तर फायनल शेवटपर्यंत फिरत राहते.

बिराजदार, बी-१०२: पट्टा कधी निघणार? तिसऱ्यांदा विचारतोय.

निखिल, सी-४०१: चौथ्यांदा काका

कोंडा सर, बी-३०२: बिराजदार, आधी हे ऐका. खाली शहाबादी आहे. वॉचमनला ॲसिड टाकायला सांगू नका. शहाबादी चुनखडीची, ॲसिडनं फसफसते आणि खड्डे पडतात, मग पट्टा जाऊन डाग कायमचा राहील. रंग पुरता वाळलेला नाही तोवर टर्पेंटाइन आणि नायलॉनचा ब्रश पुरेल. वाळला की टर्पेंटाइन चालत नाही, एनसी थिनर लागेल. एका वेळी हातभर जागा घ्यायची, चिंधीनं लगेच टिपायचं, पसरवायचं नाही, नाहीतर रंग फरशीच्या सांध्यात उतरतो. तारेचा ब्रश नको, ओरखडे राहतात. आणि शेजारी गाड्या आहेत, पेट्रोल आहे. काम चालू असताना विडी-सिगारेट कोणी ओढायची नाही.

देशमुख, बी-२०१: रोख माझ्याकडे आहे का?

कोंडा सर, बी-३०२: सगळ्यांकडे.

बिराजदार, बी-१०२: ऑइलपेंट मारायची गरजच काय होती? नुसती टेप चालली असती.

शुभांगी माने, ए-३०४: लावली होती काका. ४८ मिलिमीटर आणि २४ मिलिमीटर, दोन्ही शेजारी लावल्या की बरोबर ७२ होतात. पण शहाबादीवर धूळ असते, आणि गाडी वळवताना चाक जागेवर फिरलं की टेप गोळा होऊन टायरला चिकटते.

कोंडा सर, बी-३०२: तीच टेप १४ च्या पिलरला लावा. उभी, जमिनीपासून १२० ते १४० सेंटीमीटरमध्ये. पिलर आधी ओल्या फडक्यानं पुसून वाळवा. छातीच्या उंचीला येते, चाकाखाली येत नाही. पुढची कड कोजोकारू, मागची कड उषा. बिराजदारांची जागा मोकळी.

बिराजदार, बी-१०२: पिलरला हरकत नाही. मात्र पाटी नीट लिहा. मसुद्यात "४०० मीटर शर्यतीत रौप्य हुकले" असं आहे. अडथळा शर्यत होती आणि हुकलं ते कांस्य. रौप्य अमेरिकेच्या ज्युडी ब्राउनचं, ५५.२०.

निखिल, सी-४०१: 😳 काका??

बिराजदार, बी-१०२: आणि पॉली उम्रीगर कुठे आहेत यादीत? जन्म सोलापूरचा, २८ मार्च १९२६. यंदा शंभर वर्षं झाली. कसोटीत भारताचं पहिलं द्विशतक त्यांचं, २२३, न्यूझीलंडविरुद्ध, हैदराबाद, १९५५. आणि १९६२ ला पोर्ट ऑफ स्पेनला एकाच सामन्यात ५६, नाबाद १७२ आणि १०७ धावांत ५ बळी. तरी सामना हरलो. सोलापुरात सजावट करता आणि सोलापूरचाच माणूस नाही.

शेख, सी-२०२: काका, हे शंभर टक्के पाहिजे. धोनी जाऊ दे.

कविता, सी-१०३: आता धोनी जाऊ दे? मी म्हटलं तेव्हा?

शेख, सी-२०२: तेव्हा उम्रीगर नव्हते.

कोंडा सर, बी-३०२: धोनीच्या जागी खो-खो ठरलं आहे. उम्रीगरांसाठी १७५ ची पाटी काढा, तसाही व्हिडिओ नाही.

शेख, सी-२०२: १७५ ला हात लावायचा नाही 😡

कुलकर्णी (सेक्रेटरी): नऊ पाट्या करू. कोणाचेही मन दुखवायला नको 🙏

चव्हाण काकू, ए-१०१: नववीचे पैसे कुठून येणार ते पण लिहा.

शुभांगी माने, ए-३०४: उम्रीगरांची पाटी फ्लेक्सवर नको, कार्डशीटवर हातानं लिहू. खर्च नाही. काका, मजकूर तुम्ही द्याल का?

बिराजदार, बी-१०२: देतो. आज अकराला गाडी काढतो, साडेअकरापर्यंत टर्पेंटाइननं पुसून घ्या. डबा माझ्या गाडीच्या बॉनेटवर ठेवू नका.

देशमुख, बी-२०१: तो पिलर १४ आणि १५ च्या मध्ये आहे. टेप १४ च्या बाजूला लावा.

कुलकर्णी (सेक्रेटरी): धन्यवाद. मोटार साडेदहाला चालू होईल, सर्वांनी पाणी भरून घ्यावे.