पडद्याच्या ऑपरेशनआधी नाकाचं माप सक्तीचं हवं का?

मोजपट्टी:
नाक चोंदतं, आत दोन नाकपुड्यांमधला पडदा वाकडा दिसतो, की ऑपरेशन ठरतं. हवा खरंच किती अडते हे बरेचदा कोणी मोजतच नाही. रायनोमॅनोमेट्रीत नाकातून जाणारी हवा आणि नाकाच्या पुढच्या-मागच्या दाबातला फरक एकाच वेळी नोंदवतात. १५० पास्कल दाबाला रोध, म्हणजे हवेला होणारा अडथळा, किती, ते कळतं. माझं मत स्पष्ट आहे: हे माप सक्तीचं करा.

निरभ्र:
मी कान-नाक-घसा तज्ज्ञ आहे, आणि सक्तीला माझा विरोध आहे. माप आणि त्रास यांचं नातं फार सैल आहे. मेंथॉल हुंगलं की नाक मोकळं वाटतं, पण रोध होता तेवढाच राहतो. मेंथॉल गारवा टिपणाऱ्या चेतातंतूंना जागं करतं आणि मेंदू त्यावरून ‘हवा जातेय’ असं समजतो. एम्प्टी नोज सिंड्रोममध्ये नेमकं उलटं. टर्बिनेट, म्हणजे नाकाच्या आतल्या बाजूच्या भिंतीवरचे उंचवटे, जास्त कापल्यामुळे वाट ऐसपैस झालेली असते, तरी रुग्ण गुदमरतो. आकडा उत्तम आला म्हणून त्याला खोटं ठरवायचं? अशा रुग्णांना ‘मनाचे खेळ’ म्हणून परत पाठवलं जातं, याची मला चीड आहे.

मोजपट्टी:
पण हे उदाहरण माझ्याच बाजूचं आहे! माप घेतलं तरच कळेल की वाट अरुंद नाही, आणखी कापू नका. माप सर्जनचा हात थांबवण्यासाठी हवं, रुग्णाला खोटं पाडण्यासाठी नाही.

दुसरीबाजू:
माप कधीचं, हेही बघा. दोन्ही नाकपुड्या काही तासांच्या अंतराने आळीपाळीने चोंदतात. एकूण रोध फारसा बदलत नाही, एका बाजूचा मात्र बराच बदलतो. म्हणून नाक मोकळं करणारे थेंब घालण्याआधी आणि नंतर, प्रत्येक बाजू वेगळी मोजावी. थेंबांनी रोध उतरला तर दोष सुजलेल्या अस्तराचा. तसाच राहिला तर हाड-कूर्चेचा संशय.

निरभ्र:
थेंबांची चाचणी मलाही पटते. पण ऑपरेशनचा उपयोग झाला का, हे मी नोज प्रश्नावलीवरून ठरवतो. नाक चोंदण्याचा त्रास किती, हे त्यात रुग्णच सांगतो: ५ प्रश्न, ० ते १०० गुण, जास्त गुण म्हणजे जास्त त्रास. माणूस ऑपरेशनला तयार होतो तो नीट झोप लागावी म्हणून.

मोजपट्टी:
गुण ८० आणि रोध सामान्य, असा रुग्ण आला तर?

निरभ्र:
तर पडद्याला हात लावणार नाही. आधी ॲलर्जी बघेन, आणि जोरात श्वास घेताना नाकपुडीची बाजू आत ओढली जाते का तेही.

मोजपट्टी:
आणि रोध सामान्य आहे हे तुम्हाला न मोजता कसं कळणार?