जमाखर्चाचं सॉफ्टवेअर बदलायचं की नाही? (अनुभव धागा)

मंजिरी :
घरचा जमाखर्च, गुंतवणूक, कर्जाचे हप्ते असं सगळं वर्षानुवर्षं एकाच सॉफ्टवेअरमध्ये लिहिणारे इथे पुष्कळ आहेत. ते बदलावं की आहे तेच चालू ठेवावं, हा प्रश्न कधी ना कधी येतोच. मायक्रोसॉफ्ट मनीची विक्री २००९ मध्ये थांबली, अमेरिकेतलं मिंट मार्च २०२४ मध्ये बंद झालं. आपल्याला बदलायचं नसलं तरी वेळ येते ती अशी. ‘अमुक ॲप छान आहे’ एवढ्यावर थांबू नका. डेटा बाहेर कसा काढायचा, काय तुटतं, का तुटतं, आणि कोणत्या कारणासाठी मुळीच बदलू नये, ते लिहा.

ताळेबंद :
नवं काही उतरवून घेण्याआधी जुन्यातून सगळ्या नोंदी बाहेर काढून बघा. फक्त पीडीएफ निघत असेल तर तो छापील अहवाल झाला, डेटा हाती आला असं धरू नका. सीएसव्ही, क्यूआयएफ किंवा ओएफएक्स (एका सॉफ्टवेअरमधून दुसऱ्यात नोंदी नेण्याचे फाइल-प्रकार) निघत असेल तर एका खात्याचा एक महिना घेऊन ओळीला ओळ लावून तपासा.

क्यूआयएफमध्ये तारीख, रक्कम, कोणाला, कोणत्या वर्गात अशी माहिती असते. व्यवहाराला स्वतःचा क्रमांक नसतो. बचत खात्यातून पीपीएफमध्ये भरलेले १०,००० दोन्ही खात्यांच्या फाइलींत येतात. दोन्ही आयात केल्या की तीच रक्कम दोनदा चढते. ओएफएक्समध्ये प्रत्येक व्यवहाराला बँकेने दिलेला ओळखक्रमांक असतो, म्हणून तीच फाइल चुकून पुन्हा घातली तरी सॉफ्टवेअर जुनी नोंद ओळखतं. आपल्याकडच्या बँकांकडून बहुतेक वेळा पीडीएफ, एक्सेल किंवा सीएसव्ही मिळते, त्यामुळे दुबार नोंदींवर नजर आपणच ठेवायची.

फोडलेल्या नोंदीही तपासा. ३,२०० रुपयांच्या बिलात २,४०० किराणा आणि ८०० कपडे असतील, तर साध्या सीएसव्हीत कधी दोन सुट्या ओळी होतात, कधी सगळे ३,२०० किराण्यात जातात. अशा पाच नोंदी आधीच हेरून ठेवा आणि निर्यातीत त्यांचं काय झालं ते बघा. पाचांपैकी तीन जरी मोडल्या तरी सगळा इतिहास नेण्याचा नाद सोडलेला बरा.

कोकणवारा :
सीएसव्ही फाइल एक्सेलमध्ये दोनदा क्लिक करून उघडू नका. यूपीआयचा १२ आकडी संदर्भ क्रमांक १.२३ई+११ असा होतो आणि सेव्ह केलं की फाइलीत तसाच बसतो. १५ आकड्यांपुढचं सगळं शून्य होतं. चेक क्रमांक ००४५१२ चा ४५१२ होतो. देवनागरीतल्या टिपा असतील तर त्यांच्या जागी चिन्हांचा कचरा दिसतो.

त्याऐवजी एक्सेलच्या ‘डेटा’ भागातून मजकूर किंवा सीएसव्ही आयात करा, एनकोडिंग यूटीएफ-८ निवडा, क्रमांकांचे रकाने ‘टेक्स्ट’ ठेवा.

तारखांचं तर फारच जपा. संगणकाची तारीख-मांडणी अमेरिकी असेल तर ०३-०४-२०२४ ही ३ एप्रिलची नोंद ४ मार्चला जाते, म्हणजे थेट मागच्या आर्थिक वर्षात. १३ ते ३१ या तारखा त्या मांडणीत बसतच नाहीत, त्या नुसता मजकूर म्हणून रकान्यात डावीकडे राहतात. काही तारखा उजवीकडे आणि काही डावीकडे दिसल्या की तिथेच थांबा, पुढे आयात करू नका.

गोदाकाठ :
इतिहास किती न्यायचा? बँक, रोकड, क्रेडिट कार्ड यांची १ एप्रिलची आरंभीची शिल्लक पुरते. पंधरा वर्षांपूर्वीची भाजी नव्या वहीत उतरवून काही साधत नाही.

गुंतवणुकीचं वेगळं आहे. म्युच्युअल फंडाचे युनिट आजच्या किमतीने ‘आरंभीची शिल्लक’ म्हणून टाकले, तर तीच खरेदी किंमत ठरते आणि आजवरचा नफा हिशेबातून नाहीसा होतो. विक्री करताना आधी घेतलेले युनिट आधी विकले असं धरतात, म्हणून प्रत्येक खरेदीची तारीख, युनिट आणि भाव सुटा हवा. ३१ जानेवारी २०१८ पर्यंत घेतलेल्या इक्विटी फंडाला त्या दिवशीचा भावही लागतो. समजा २०१६ मध्ये युनिट ४० रुपयांना घेतला, ३१ जानेवारी २०१८ ला भाव ६२ होता आणि आज ११० ला विकला. दीर्घ मुदतीच्या नफ्यावरचा कर काढताना खरेदी किंमत ६२ धरली जाते आणि नफा ४८ येतो, ७० नव्हे. नव्या सॉफ्टवेअरमध्ये ही सोय नसेल तर ६२ हा आकडा टिपेत तरी लिहून ठेवा.

या नोंदी जुन्या सॉफ्टवेअरमधून आणूच नका. कॅम्स किंवा केफिनटेक (फंडांच्या वतीने गुंतवणूकदारांच्या नोंदी ठेवणाऱ्या कंपन्या) यांच्या संकेतस्थळावरून पहिल्या गुंतवणुकीपासूनचं सविस्तर एकत्रित विवरणपत्र मागवा. पासवर्ड घातलेली पीडीएफ ईमेलवर येते. पायथन येत असेल तर कॅसपार्सर नावाची मुक्त लायब्ररी त्यातून तक्ता काढून देते.

आणि एक लहान फरक, ज्यापायी लोक संध्याकाळ घालवतात : १ जुलै २०२० पासून खरेदीवर ०.००५ टक्के मुद्रांक शुल्क कापतात. ५,००० च्या एसआयपीतले ४,९९९.७५ च गुंतवले जातात. भाव ५० असेल तर १०० ऐवजी ९९.९९५ युनिट मिळतात. तो पाव रुपया ‘शुल्क’ म्हणून लिहा, ताळा लागतो.

चाफा :
‘खर्चाचा अहवाल चुकीचा येतो’ म्हणून बदलणार असाल तर आधी क्रेडिट कार्ड बघा. कार्डावरची प्रत्येक खरेदी खर्च म्हणून लिहिली आणि बँकेतून भरलेलं कार्डाचं बिलही खर्च म्हणून लिहिलं, तर महिन्याचा खर्च फुगणारच. कार्ड हे देण्याचं खातं आहे, बिल भरणं म्हणजे एका खात्यातून दुसऱ्यात बदली.

गृहकर्जाचंही तेच. ३० लाख, ८.५ टक्के, २० वर्षं : हप्ता साधारण २६,०३५. पहिल्या महिन्यात त्यातलं व्याज २१,२५० आणि मुद्दल फक्त ४,७८५. सगळा हप्ता खर्चात टाकला तर कर्ज कागदावर कमीच होत नाही. ठेवीवर १२,००० व्याज मिळालं, १,२०० टीडीएस कापला आणि खात्यात १०,८०० आले, तर व्याज १२,००० च लिहायचं आणि १,२०० ‘येणं कर’ खात्यात. नाहीतर आयकर विभागाच्या वार्षिक माहिती विवरणाशी आकडा जुळणार नाही.

या तीन चुका नव्या सॉफ्टवेअरमध्येही जशाच्या तशा येतात. त्या दुरुस्त करून दोन महिने बघा. बदलण्याची गरज बऱ्याचदा उरत नाही.

शिलंगण :
एसएमएस वाचून खर्च लिहिणाऱ्या ॲपमधून बाहेर पडणाऱ्यांसाठी. एसएमएस म्हणजे पासबुक नव्हे. एकाच व्यवहाराचे बँक आणि वॉलेट यांचे दोन संदेश दोन खर्च म्हणून चढतात. काही बँका छोट्या रकमेच्या यूपीआय व्यवहारांचा एसएमएस पाठवतच नाहीत, म्हणजे चहा, रिक्षा, भाजी गायब. त्या ॲपचा इतिहास ‘अंदाज’ म्हणून ठेवा, आरंभीची शिल्लक बँकेच्या विवरणपत्रावरूनच घ्या.

अकाउंट ॲग्रिगेटरवर (आपल्या संमतीने बँकेची माहिती ॲपपर्यंत पोचवणारी मध्यस्थ सेवा) चालणारी ॲप अधिक बरी, कारण माहिती थेट बँकेकडून येते. संमती देताना मुदत, वारंवारता आणि हेतू नीट वाचा. सोडताना ॲप फोनवरून काढलं की संमती आपोआप रद्द होत नाही. क्रम असा ठेवा : आधी निर्यात, मग ॲग्रिगेटरमध्ये जाऊन संमती रद्द, मग ईमेल वाचण्याची परवानगी दिली असेल तर गूगल खात्यातून ती काढणं, मग ॲपमधलं खातं बंद करण्याची विनंती, आणि सर्वांत शेवटी ॲप काढणं.

मृद्गंध :
ग्नूकॅशचा विचार करणाऱ्यांसाठी थोडं. फुकट आहे, द्विनोंदी पद्धतीचं (प्रत्येक व्यवहार दोन खात्यांत लिहिणारं) आहे, खात्यांची नावं मराठीत चालतात. पहिल्या दिवशी ‘प्रेफरन्सेस’मध्ये हिशेबाचा काळ १ एप्रिल ते ३१ मार्च करा, नाहीतर अहवाल जानेवारीपासून निघतात. फंडांचे भाव फायनान्स::कोट या भाव आणून देणाऱ्या जोड-सॉफ्टवेअरमधून येतात. त्यासाठी ॲम्फीचा (म्युच्युअल फंडांची संघटना) योजना क्रमांक द्यावा लागतो, आणि एकाच फंडाच्या डायरेक्ट व रेग्युलर प्रकारांचे क्रमांक वेगळे असतात. चुकीचा दिला तरी भाव येतोच, म्हणून चूक लवकर कळत नाही.

नवरा-बायको दोघं एकाच वेळी एकच फाइल वापरू शकत नाहीत. फाइल ड्राइव्हसारख्या ठिकाणी ठेवली आणि दोन संगणकांवर उघडली तर एकाच्या नोंदी जातात. दोघांनी फोनवरून खर्च टाकायची सवय असेल तर ग्नूकॅश घेऊ नका, हे माझं स्पष्ट मत.

हडसनतीर :
गोदाकाठ, १ एप्रिलचा सल्ला भारतात राहणाऱ्यांना बरोबर आहे. अमेरिकेत कर भरणाऱ्या मराठी मंडळींनी मात्र १ जानेवारी घ्यावी. भारतातल्या एनआरई, एनआरओ (अनिवासी भारतीयांची बँक खाती) आणि इतर परदेशी खात्यांची मिळून रक्कम वर्षात कधीही १०,००० डॉलरच्या वर गेली, तर एफबार (परदेशी खात्यांची माहिती अमेरिकी सरकारला देण्याचा अर्ज) भरावा लागतो. त्यात प्रत्येक खात्याची कॅलेंडर वर्षातली सर्वाधिक शिल्लक लागते. एप्रिलमध्ये वही तोडली तर पहिले तीन महिने जुन्या सॉफ्टवेअरमध्ये अडकतात. नवं सॉफ्टवेअर रुपया आणि डॉलर अशी खाती एकाच वहीत ठेवतं का, आणि जानेवारी-डिसेंबर व एप्रिल-मार्च असे दोन्ही अहवाल देतं का, हे आधी पाहा.

मिंटची जुनी निर्यात कोणाकडे असेल तर : त्यात सगळ्या रकमा अधिक चिन्हाच्याच असतात, जमा की नावे ते वेगळ्या रकान्यात लिहिलेलं असतं. तो रकाना न वाचता आयात केली तर पगारही खर्च होतो, किंवा खर्च पगार.

ताळेबंद :
आता ताळ्याबद्दल. दोन्ही सॉफ्टवेअर तीन महिने समांतर चालवा, म्हणजे त्यात एक तिमाही व्याज आणि कार्डाची तीन बिलं येतात. दर महिनाअखेरीला प्रत्येक खात्याची शिल्लक पैशापर्यंत जुळवा. फक्त एकूण संपत्ती जुळवू नका, दोन चुका एकमेकींना झाकतात.

फरक आला तर जुन्या कारकुनांची युक्ती अजून चालते. फरकाला ९ ने भाग गेला तर आकडे उलटसुलट झालेत का बघा : ५,४०० च्या जागी ४,५००, फरक ९००. फरकाच्या निम्म्या रकमेची नोंद सापडली तर वजाची खूण उलटी पडली आहे : ७५० चा खर्च जमा झाला तर फरक १,५००. फरकाएवढीच एखादी नोंद असेल तर ती दुबार आहे किंवा राहून गेली आहे.

चाफा :
आणि वर्षाच्या मध्येच, समजा ऑक्टोबरमध्ये, बदलावं लागलं तर?

गोदाकाठ :
तरी सुरुवात १ एप्रिललाच धरायची. एप्रिल ते सप्टेंबर हे सहा महिने बँकेच्या विवरणपत्रांवरून नव्याने चढवायचे, जुन्या निर्यातीवरून नव्हे. व्याज, लाभांश आणि टीडीएस हे सगळं त्याच वर्षाच्या आयकर विवरणपत्रात लागतं, ते दोन वह्यांत विभागू नये. दोन-तीन खाती असतील तर एका रविवारचं काम. जुन्या सॉफ्टवेअरची मूळ फाइल, सीएसव्ही निर्यात आणि ३१ मार्चच्या सगळ्या शिलकांची पीडीएफ अशा तिन्ही गोष्टी दोन ठिकाणी ठेवा. त्या पीडीएफची एक छापील प्रत घरातल्या दुसऱ्या माणसाला माहीत असलेल्या फायलीत लावा.