प्रति: द्वेषातून खून केला तर फाशीच हवी

'फाशीशिवाय जरब बसत नाही' हे वर लिहिलंय, त्यामागचा संताप मला पूर्ण मान्य आहे. पण खैरलांजी आठवा. २९ सप्टेंबर २००६ ला भंडारा जिल्ह्यातल्या त्या गावात भोतमांगे या दलित कुटुंबातली आई, मुलगी आणि दोन मुलगे मारले गेले, प्रेतं कालव्यात टाकली. २००८ मध्ये भंडाऱ्याच्या न्यायालयाने सहा जणांना फाशीची शिक्षा सुनावली आणि आपण सगळ्यांनी 'न्याय झाला' म्हटलं. पण त्याच निकालात अ‍ॅट्रॉसिटी कायदा, म्हणजे दलित-आदिवासींवरच्या अत्याचारांविरुद्धचा कायदा, लागू झाला नव्हता! म्हणजे खून मान्य, जातीचा द्वेष अमान्य. २०१० मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने फाशीची २५ वर्षांची जन्मठेप केली, आणि तिथेही अ‍ॅट्रॉसिटी नाहीच.

झुडपाआड लपून वाचलेले त्या कुटुंबातले वडील भैयालाल फाशीच मागत राहिले, २०१७ मध्ये गेले तोवर. त्यांची मागणी चूक होती असं म्हणायला माझी जीभ रेटत नाही. पण मला दोर कमी झाल्यापेक्षा जास्त हे सलतं, की त्या चौघांना जातीमुळे मारलं एवढं एक वाक्य दोन्ही निकालांत आलं नाही. जन्मठेप का असेना, आधी ते वाक्य लिहा.