मदत हवी आहे: गाडी न घेता ब्लॅक फॉरेस्ट, मुक्काम टिटिझेला की ट्रायबर्गला?

सप्टेंबरअखेर आम्ही दोघं आणि आई-बाबा असे चौघं पाच रात्रींसाठी जर्मनीतल्या ब्लॅक फॉरेस्टला जातोय. गाडी भाड्याने घ्यायची नाही, आमच्यापैकी कुणालाच उजव्या बाजूने चालवायची सवय नाही. फ्रँकफर्ट विमानतळावरून थेट आयसीईने (वेगवान रेल्वे) फ्रायबुर्ग एवढं नक्की आहे.

आतापर्यंत डीबी नॅव्हिगेटरवर (जर्मन रेल्वेचं ॲप) वेळा बघितल्या. फ्रायबुर्गहून टिटिझे लोकल गाडीने पाऊण तासाच्या आत, तेही ह्योलेनटालच्या दरीतून, म्हणून माझा कल तिकडे आहे. शिवाय मुक्कामाच्या ठिकाणी मिळणाऱ्या कोनुस कार्डावर बस आणि लोकल गाड्या फुकट आहेत (आयसीई नाही, हे माहीत आहे). ट्रायबर्गचा धबधबा मात्र आईला बघायचाच आहे. टिटिझेहून तिथे रेल्वेने डोनाउएशिंगेनला गाडी बदलून जावं लागतं. त्यात ट्रायबर्गचं स्टेशन खाली आणि गाव वर. आईचे गुडघे दुखतात, सपाटीवर ती अर्धा तास आरामात चालते, पण चढ आणि जिने जमत नाहीत. स्वयंपाकघर असलेलं घरच हवंय, कारण बाबा पूर्ण शाकाहारी आहेत.

तिकडे राहणाऱ्यांनी किंवा जाऊन आलेल्यांनी एवढं सांगा: पाचही रात्री टिटिझेला राहून ट्रायबर्ग एका दिवसात आईला झेपेल, की दोन रात्री तिकडेच काढाव्यात? आणि रविवारी संध्याकाळी फेल्डबर्ग डोंगरावरून टिटिझेला परतायला शेवटची बस साधारण किती वाजता असते?