बफीचा नवा संच: मूळ आहे तसाच हवा की ‘सुधारलेला’?

रातवा (धागालेखक)

‘बफी द व्हॅम्पायर स्लेअर’ या व्हॅम्पायरांची शिकार करणाऱ्या मुलीच्या अमेरिकन टीव्ही मालिकेच्या चाहत्यांचा एक प्रश्न काही सुटत नाही: नव्या, स्वच्छ प्रतीचा संच कधी येणार? मालिका १९९७ ते २००३ अशी सात सीझन चालली, १४४ भाग झाले. डीव्हीडी निघाल्या, त्या आपल्यापैकी अनेकांच्या कपाटात आहेत. ‘ट्विन पीक्स’ला २०१४ मध्ये ब्लू-रे (डीव्हीडीपेक्षा स्पष्ट चित्राची डिस्क) मिळाली, ‘एक्स-फाइल्स’ला २०१५ मध्ये. बफीवाले मात्र अजून वाटच बघताहेत, आणि त्यांत मीही आहे. तरीसुद्धा माझं ठाम मत आहे की २०१४ पासून हाय डेफिनिशनच्या नावाखाली जी प्रत टीव्हीवर दाखवली गेली, तीच जर डिस्कवर येणार असेल तर ती न आलेली बरी.

ज्यांनी ती पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. मूळ मालिका ४:३ चौकटीसाठी, म्हणजे जुन्या टीव्हीच्या जवळजवळ चौरस पडद्यासाठी, चित्रित झाली होती. नव्या प्रतीत ती ओढूनताणून १६:९, म्हणजे आजच्या टीव्हीसारखी रुंद केली. कुठे वरून-खालून कापली, त्यामुळे कपाळं आणि हनुवट्या गेल्या. कुठे बाजूचा, कधीच दाखवायचा नव्हता तो भाग उघडा केला, त्यामुळे कडेला दिवे दिसतात, सेटवर काम करणारी माणसं दिसतात. फिल्मचे कण पुसण्याच्या नादात चेहरे मेणाचे झालेत.

हे सगळं एक वेळ सोसलं असतं, पण रंगांचं काय? रात्रीचे काही प्रसंग भरपूर उजेडात चित्रित करून नंतर त्यांवर निळसर काळोखी चढवलेली होती. नव्या प्रतीत बऱ्याच ठिकाणी ती चढवायचीच राहून गेली. ज्या मालिकेत ऊन लागलं की व्हॅम्पायरची राख होते, त्या मालिकेत व्हॅम्पायर उजेडात उभा राहून निवांत बोलतो! नव्याने बघणाऱ्याला कथेचा नियमच कळणार नाही.

विनोदी मालिकेचे रंग थोडे इकडचे तिकडे झाले तर फारसं बिघडत नाही. इथे काळोख हेच अर्धं कथानक आहे. म्हणून माझी मागणी साधी आहे: चौकट ४:३, रंग मूळ प्रसारणाचे, आवाज आणि गाणी तीच. प्रत हवी तेवढी स्वच्छ करा, पण चित्राला हात लावू नका.

सरळरेघ

असहमत. राग योग्य आहे, पण तो चुकीच्या गोष्टीवर काढताय. ‘एक्स-फाइल्स’ची ब्लू-रे बघा. सुरुवातीचे सीझन प्रसारणाच्या वेळी ४:३च होते. संच काढताना मूळ ३५ मिमी फिल्म पुन्हा स्कॅन केली आणि सगळे सीझन रुंद चौकटीत आणले. अंधाऱ्या तळघरात तपास करणारे दोघं टॉर्च घेऊन शिरतात तेव्हा झोताच्या बाहेरचा काळोख दोन्ही बाजूंना पसरतो, आणि भीती वाढते, कमी होत नाही. म्हणजे दोष रुंदीचा नाही. बफीच्या वेळी काम नीट झालं नाही, एवढाच त्याचा अर्थ.

दुसरं म्हणजे, आजच्या टीव्हीवर ४:३ लावलं की दोन्ही बाजूंना काळे पट्टे येतात. नव्या पिढीतला माणूस पहिल्या पाच मिनिटांत उठून जाईल. नवे प्रेक्षक आले नाहीत तर संच काढायला पैसे कोण घालणार?

रातवा

सरळरेघ, तुलना बरोबर बसत नाही. बफीचे पहिले दोन सीझन १६ मिमी, म्हणजे ३५ मिमीपेक्षा बऱ्याच अरुंद फिल्मवर आहेत, आणि तिच्यावरचे स्पेशल इफेक्ट्स त्या काळच्या साध्या व्हिडिओवर पूर्ण केलेले आहेत. राख होणारा प्रत्येक व्हॅम्पायर नव्या प्रतीसाठी पुन्हा घडवावा लागतो. तिथे मूळ सामग्रीत एवढी मोकळीकच नाही.

आणि रुंद चौकट हवी होती तेव्हा त्यांनी ती स्वतः वापरली आहे. २००१ चा संगीतिकेचा भाग, ‘वन्स मोअर, विथ फीलिंग’, मुद्दाम रुंद चौकटीत दाखवला गेला. नाचगाण्यासाठी जागा हवी होती, म्हणून घेतली. बाकीचे भाग ४:३ ठेवले तेही तितकंच ठरवून. हे पुरेसं नाही का?

काळ्या पट्ट्यांबद्दल: कृष्णधवल चित्रपट बघताना कुणी रंग भरा म्हणत नाही. चौकटीची सवय दोन भागांत होते.

गावकुसाबाहेर

मला या वादाचं मूळच पटत नाही. डिस्क हवीच कशाला? माझ्या लॅपटॉपला ड्राइव्ह नाही, घरचा डीव्हीडी प्लेअर कधीच बंद पडला. एका आवडत्या भुताच्या मालिकेचा पूर्ण संच मी हौसेने घेतला होता, निगुतीने ठेवला होता. काही वर्षांनी काढला तर तीन डिस्कवर काठापासून आत तांबूस ढग धरलेले. चिकटवलेले थर सुटून आतला चकचकीत थर गंजतो, त्याला काही इलाज नाही. भाग मधेच अडकतो, चित्राचे चौकोन होतात, मग प्लेअर डिस्क ओळखतच नाही. विकणाऱ्यांनी हात वर केले.

स्ट्रीमिंगवर लावा आणि बघा. वाट बघण्यात वर्षं घालवायची, पैसे घालायचे, आणि वर जपत बसायचं. कशासाठी?

सांजसावली

कशासाठी ते सांगते. ‘चार्म्ड’चं सुरुवातीचं गाणं आठवतंय? तिघी बहिणी, जादूचं पुस्तक आणि ते गाणं, असं सगळं मिळूनच ती मालिका आहे. नेटफ्लिक्सवर आली तेव्हा ते गाणंच नव्हतं, हक्कांची मुदत संपली म्हणून. त्या जागी दुसरंच काहीतरी वाजायचं. बघणाऱ्याला कुणी विचारलं नाही, सांगितलंही नाही. माझ्या डीव्हीडीवर ते गाणं आहे आणि ते काढायला माझ्या घरी कुणी येणार नाही.

दुसरं उदाहरण ‘घोस्टवॉच’चं. बीबीसीने १९९२ च्या हॅलोविनला दाखवलेला तो भुताचा काल्पनिक कार्यक्रम, जो थेट प्रक्षेपणासारखा मांडल्यामुळे लोकांनी खरा समजून फोनचा भडिमार केला होता. बीबीसीने तो पुन्हा कधीच दाखवला नाही. २००२ मध्ये ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटने डीव्हीडी काढली नसती तर आपण त्याच्याबद्दल फक्त वाचलं असतं.

गावकुसाबाहेर, तुमच्या तीन डिस्क गेल्या याचं खरंच वाईट वाटलं. पण स्ट्रीमिंगवरून मालिका उतरते तेव्हा सगळ्यांची एकाच दिवशी जाते.

गावकुसाबाहेर

सांजसावली, मग ‘रॉझवेल’ मालिकेचं काय? तिथे उलटं झालं. २००४ पासून जे डीव्हीडी संच निघाले त्यांत मूळ प्रसारणातली कितीतरी गाणी बदललेली होती. ज्या प्रसंगावर लोक रडले होते त्याच प्रसंगावर भलतंच गाणं. आणि लोकांनी ते पैसे मोजून घेतलं.

‘ट्विन पीक्स’चीही गोष्ट तशीच. अमेरिकेत २००१ च्या अखेरीस पहिल्या सीझनचा संच आला तो पहिल्या भागाशिवाय! पायलटचे हक्क दुसऱ्याकडे होते. लॉरा पामरचं प्रेत प्लास्टिकमध्ये गुंडाळलेलं सापडतं तो भागच नाही आणि तपास थेट पुढून सुरू. दुसरा सीझन यायला २००७ चा एप्रिल उजाडला, आणि पायलटसकट सगळं एकत्र मिळालं ते त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात. ज्यांनी २००१ मध्ये घेतलं त्यांनी पुन्हा घेतलं. डिस्क म्हणजे मूळ, हे कुणी ठरवलं?

रातवा

तुम्ही माझाच मुद्दा मांडताय. ही उदाहरणं डिस्कच्या विरोधात नाहीत, आंधळेपणाने वाट बघण्याच्या विरोधात आहेत. गाणी का बदलतात ते बघा. मालिका बनत होत्या तेव्हा गाण्यांचे हक्क बहुतेक वेळा फक्त प्रसारणापुरते, ठरावीक वर्षांसाठी घेतले जात. लोक अख्खे सीझन विकत घेऊन घरी ठेवतील हे तेव्हा कुणाच्या हिशेबात नव्हतं. ‘एक्स-फाइल्स’चा पहिला सीझन २००० मध्ये सुमारे दीडशे डॉलरला आला तेव्हा एवढ्या किमतीला २४ भागांचा संच खपेल का याचीच शंका होती. तो खपला, आणि मग सगळ्यांनी जुने करार बाहेर काढले. घरगुती वापराचे हक्क नव्याने घ्यायला पैसे लागतात, ते वाचवायचे म्हणून गाणं बदलायचं.

म्हणून संच यायच्या आधी बोललं पाहिजे. कुठली प्रत, कुठली चौकट, गाणी तीच का, रंग कुणी तपासले, हे प्रश्न आधी विचारायचे. नंतर खोक्यावर नाराजी काढून काही होत नाही.

झोटिंग

वाट बघण्याला नावं ठेवणाऱ्यांनी ‘डार्क शॅडोज’ बघावं. १९६६ ते १९७१, रोज दुपारी लागणारी मालिका, १२२५ भाग. त्या काळात टेप पुसून पुन्हा वापरायची पद्धत होती, दुपारच्या कितीतरी मालिका अशाच नाहीशा झाल्या. ही जवळजवळ पूर्ण उरली. काही रंगीत भागांच्या फक्त कृष्णधवल फिल्म-प्रती राहिल्यात, आणि एका भागाचं चित्रच सापडलं नाही, नुसता आवाज आहे. २०१२ मध्ये पूर्ण संच निघाला: १३१ डिस्क, शवपेटीच्या आकाराच्या पेटीत. हरवलेला भाग त्या आवाजावर स्थिरचित्रं बसवून पुन्हा उभा केला. चित्र नाही म्हणून त्यांनी तो भाग वगळला नाही, हे मला फार मोठं वाटतं. कुठली स्ट्रीमिंग सेवा एका भागासाठी एवढा खटाटोप करील?

अवसेची_रात्र

चौकट आणि गाणी यांवर सगळे बोलताहेत. मला त्यापेक्षा संचासोबत येणाऱ्या ‘पडद्यामागे’ची धास्ती वाटते.

बफीचा ‘हश’ भाग मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा त्याबद्दल काही माहीत नव्हतं. अख्ख्या गावाचा आवाज जातो आणि रात्री ते हसरे, काळ्या सुटातले जेंटलमेन जमिनीपासून वीतभर वर तरंगत रस्त्यातून येतात. पाय हलत नाहीत. मोठा हिस्सा संवादाशिवाय आहे, त्यामुळे आपणही घरात बोलायचे थांबतो. पुढे मुखवटे कसे बनवले, तरंगणं कसं जमवलं हे सगळं डीव्हीडीवर पाहिलं. त्यानंतर तो भाग लावला की माझी नजर त्यांच्या पायांकडेच जाते. भीती गेली ती परत आली नाही. नव्या संचात मला भाग हवेत, बाकी काही नको.

सांजसावली

ताई, बटण आपल्या हातात असतं, नको असेल तर लावू नये. पण ते नसावंच असं कसं म्हणता? मी ‘हश’ चौथ्यांदा बघताना लेखक-दिग्दर्शकाचं निवेदन ऐकत बघितला आणि कॅमेरा कुठे का ठेवला हे पहिल्यांदा उमगलं. ही माणसं स्वतःच्या तोंडाने हे सांगताहेत अशी नोंद दुसरीकडे कुठे राहणार? स्ट्रीमिंगवर यातलं जवळजवळ काहीच नसतं. मला तर भीती कमी झाली त्याच्या दुप्पट आदर वाढला.

अवसेची_रात्र

मला आदर नको होता, मला घाबरायचं होतं. भुताची मालिका त्यासाठीच बघतात.

सरळरेघ

रातवा, पुन्हा चौकटीवर येतो, कारण एक गोष्ट तुम्ही टाळताय. ‘मूळ’ म्हणजे कुणाचं मूळ? ब्रिटनमध्ये बफीच्या डीव्हीडी अमेरिकेच्या आधी आल्या, पहिला सीझन २००० मध्येच. आणि तिथल्या संचात चौथ्यापासून सातव्या सीझनपर्यंतचे भाग रुंद चौकटीत होते. शिवाय तिकडच्या टीव्हीच्या पाल पद्धतीत सेकंदाला २४ ऐवजी २५ चित्रं (फ्रेम्स) दाखवतात, म्हणून सगळं चार टक्के वेगाने पळतं. ४४ मिनिटांचा भाग सव्वाबेचाळीस मिनिटांत संपतो आणि आवाज किंचित चढा लागतो. हजारो लोकांनी बफी अशीच पाहिली, अशीच प्रेमाने जपली. त्यांचं मूळ खोटं?

रातवा

त्यांचं प्रेम खोटं नाही, प्रत मात्र मूळ नाही. मालिका घडवणाऱ्यांनी ४:३ हीच आपली चौकट असं सांगितलेलं आहे. आपण आधी काय पाहिलं यावरून मूळ ठरायला लागलं तर २०१४ ची प्रत आधी पाहणाऱ्याचं मूळ उजेडातला व्हॅम्पायर ठरेल.

रुंद आवृत्ती कुणाला हवीच असेल तर वेगळ्या डिस्कवर द्या, माझी हरकत नाही. पण मुख्य प्रत म्हणून नको.

सरळरेघ

दोन आवृत्त्या म्हणजे डिस्क दुप्पट, खर्च दुप्पट, आणि मग संच निघायचाच नाही. कुठलीतरी एक निवडावी लागणार. मी रुंद निवडीन, पण कडेचे दिवे आणि माणसं काढून, प्रत्येक भाग डोळ्यांखालून घालून केलेली. रंगांच्या बाबतीत तुमच्याशी शंभर टक्के सहमत आहे. रात्र रात्रीसारखी दिसली नाही तर मीही घेणार नाही. चौकटीवर मात्र आपलं जमायचं नाही.