सांगलीत संध्याकाळी जायचं कुठे?

"भडंग घेतलं, गणपतीचं दर्शन झालं, की सांगली संपली" हे काही पटलं नाही बुवा. पाहुणे आले की मी त्यांना आधी हरिपूरला नेतो. गाडीवरून फार तर पंधरा मिनिटं. कृष्णा-वारणेचा संगम, काठावर संगमेश्वराचं देऊळ. घाटाच्या पायरीवर बसायचं, बास. दोन्ही पाण्यांचे रंग वेगळे दिसले तर नशीब.

तिथली हळदीची पेवं मात्र आता ऐकण्यापुरतीच. जमिनीत खोल खड्डा, तोंड निमुळतं, आत हळद भरून वरून मातीनं बंद. हवाच नाही म्हटल्यावर कीड कुठली लागतेय! २००५ च्या पुरात त्यातली बरीचशी गेली. आमच्या शेजारचे आजोबा पेवात उतरायचे. आधी तोंड उघडून तसंच ठेवायचं, मग कंदील खाली सोडायचा. तो विझला तर कुणी उतरायचं नाही.

येताना आयर्विन पुलावर थांबा. १९२९ चा पूल. पावसाळ्यात पाणीपातळीचे आकडे बघायला अख्खं गाव तिथं लोटतं, "चाळीस फूट झालं का ओ?" हीच आमची करमणूक आणि हीच धास्ती. भडंग घ्याच, पण उघडं ठेवू नका, मऊ पडतं.