पत्र्याच्या सोलर पेटीनं खोली उबदार होईल का?

जावळीकर:
मेढ्याजवळ जुनं घर आहे, दीड फुटी दगडी भिंती. पौषात पहाटे आजी दोन गोधड्यांतही कुडकुडते. शेगडी पेटवली तर धुरानं खोकते. छपराचे दोन पत्रे आणि जुन्या खिडक्यांच्या काचा पडून आहेत. काळी पेटी करून दक्षिणेच्या भिंतीला लावली तर भागेल? त्याच उष्णतेवर दोन बल्ब लागले तर सोन्याहून पिवळं.

वेल्डिंगवाला, वाई:
लावा की. मी पाचगणीला केलीय, 2 मीटर बाय 1 मीटरची. भर दुपारी 600 वॅटच्या आसपास ऊब मिळते, म्हणजे एक लहान हीटरच म्हणा. भिंतीला खाली एक भोक, वर एक. गार हवा खालून पेटीत शिरते, तापून वरून खोलीत येते, पंखा लागत नाही. पण रात्री हेच चक्र उलटं फिरतं आणि खोली गारठते! म्हणून वरच्या भोकावर आतून दुधाच्या पिशवीचा पडदा, वरच्या कडेला चिकटवून सोडलेला. हवा आत येताना उचलतो, उलटी फिरली की चिकटतो.

आणि ऊब टिकावी म्हणून पेटीच्या पाठीला थर्मोकोल घालू नका. मी घातला होता. भोकं बंद ठेवून एक दिवस पेटी उन्हात राहिली, थर्मोकोल वितळून आकसला, वास आठवडाभर जाईना. ग्लासवूल, म्हणजे काचेच्या तंतूंचा कापूस, घाला.

जावळीकर:
पण दादा, ऊन दुपारी आणि थंडी पहाटे. त्याचं काय?

मास्तर, सांगली:
अहो, दीड फुटी दगड घरात असताना पत्रा कशाला? भिंतच काळी रंगवा, चार इंचावर काच बसवा. फेलिक्स त्रोंब यांनी 1967 साली फ्रान्समध्ये ओदेयोला असंच घर उभं केलं होतं. दुपारची ऊब दगडातून आत झिरपायला दहा-बारा तास तरी लागतात, म्हणजे आजींना उत्तररात्री मिळते. मार्च-एप्रिलला काचेवर गोणपाट टाका. 10 मेच्या सुमारास सूर्य डोक्यावर येतो, मग ऑगस्ट उजाडेपर्यंत दुपारचं ऊन त्या भिंतीवर पडतच नाही.

विजेचं मात्र सोडा. 60 अंशांच्या हवेतल्या उष्णतेची कागदावरसुद्धा 12 टक्क्यांच्या वर वीज होत नाही, साधं सोलर पॅनल उन्हाची 20 टक्के वीज करतं. एक 50 वॅटचं घ्या, आणि ते पेटीत नको, मोकळ्या वाऱ्यावर ठेवा. तापलं की कमी देतं.

जावळीकर:
आजीला विचारलं. म्हणते, काळी भिंत अवलक्षणी, गेरूची चालेल.

वेल्डिंगवाला, वाई:
गेरूत काजळी कालवा, तिला सांगू नका. आणि काचेपुढे जाळी मारा, तुमच्याकडची माकडं मला ठाऊक आहेत.